मुतलकच्या नावाचं पाणी

१२ फेब्रुवारी

आज पाणपोईचा रांजण आतून घासला आणि उन्हात पालथा घातला. थंडीत फारसं कोणी थांबत नाही. पण मेंढ्यांची ने-आण सुरू झाली की तो पुन्हापुन्हा भरावा लागतो.

विहीर मुतलकने स्वतः खणलेली, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तो गेल्यावर मी रस्त्याकाठी बोरूचं छप्पर घातलं, रांजण मांडला, साखळीला कटोरा बांधला. येणारा-जाणारा पितो, तोंड पुसतो आणि म्हणतो, "अल्ला मुतलकवर दया करो." घरात पीठ मळत असले तरी मला ते ऐकू येतं.

माणूस मेला की त्याच्या पुण्याचा झरा आटतो, असं आमच्याकडे सांगतात. तीनच वाटा उघड्या राहतात. त्याने मागे ठेवलेलं दान, त्याने दिलेली विद्या, आणि त्याच्यासाठी हात पसरून मागणारं लेकरू. लेकरू आम्हाला झालं नाही. विद्येच्या नावाने दोघंही कोरे. मी वाचायला शिकले ती त्याच्या औषधांच्या खोक्यांवरून, आणि तोवर त्याला ऐकायचं त्राण नव्हतं. राहिलं ते हे पाणी.

आज एक ट्रकवाला प्यायला, मुतलकचं नाव घेतलं आणि म्हणाला, "मावशी, रांजणाशेजारी रॉकेल ठेवता का?" मी नाही म्हटलं. उद्या कटोरा राखेने घासते.

२७ फेब्रुवारी

माती साफ करणारे लोक आले. रस्त्यापलीकडच्या मैदानात परगावच्या माणसांनी भट्ट्या लावल्या होत्या. पिंपात कच्चं तेल उकळायचं, वर येईल ते डिझेल विकायचं आणि खाली उरेल ते काळं जमिनीवर ओतायचं. लढाईच्या वर्षांत हाच धंदा होता. आता ते लोक नाहीत आणि जमीन चुलीच्या तळासारखी काळी पडली आहे.

इंजिनियर खाबूर नदीकाठचा आहे, सरगॉन नावाचा. अस्सिरी ख्रिस्ती, पण बोलतो आमच्यासारखंच. त्याने गावकऱ्यांना जमवून विचारलं, "आणखी कुठे भट्टी होती? कुठे खड्डा, कुठे गाळ? मला कुणाला पकडायचं नाही, मला फक्त जागा हवी."

सगळ्या पुरुषांनी मैदानाकडेच बोट दाखवलं. माझा दीर दह्हाम सर्वांत पुढे होता. "तिकडेच, साहेब. सगळं तिकडेच."

भला माणूस आहे दह्हाम. मुतलकच्या आजारपणात दर महिन्याला शहरातून औषध त्यानेच आणलं. आजही इंजिनियरला मैदानभर फिरवून आणलं. माझ्याकडे मात्र चहाला थांबला नाही. "चहा सोडलाय, वहिनी. पित्त होतं." मग मुल्ला इद्रीसच्या ओट्यावर बसून दोन पेले प्यायला, ते मी छपरावरून पाहिलं. माझं काय चुकलं कोण जाणे. दोनेक वर्षं झाली, माझ्या घरचा घोट घेत नाही.

९ मार्च

मैदानातली काळी माती यंत्राने खरवडून जाड प्लास्टिकवर लांब ढीग घातले आहेत. त्यात शेण आणि काड मिसळतात, पाणी शिंपतात, दर काही दिवसांनी उलटतात. गावातल्या बायकांकडून मेंढ्यांच्या लेंड्या मागितल्या तेव्हा आमची हसून हसून पुरेवाट झाली. सरगॉन म्हणाला, "मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना शेण, हवा, पाणी दिलं की ते तेल खातात."

हज्जा नौफा गावात सर्वांत म्हातारी, हज करून आलेली. ती म्हणाली, "मग थोडे दह्हामच्या पोटात सोड. त्यानेही पुष्कळ तेल खाल्लंय."

सगळ्या हसल्या. दह्हामही हसला, पण लगेच निघून गेला. लढाईच्या काळात त्याचंही एक पिंप होतं, पण गावात कोणाचं नव्हतं?

जाताना सरगॉनने माझ्या विहिरीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून नेलं. मी म्हटलं, "आधी पी तरी." त्याने छातीला हात लावला. "उपास आहे, मावशी. ईस्टरच्या आधीचा." उपासात पाणीही चालत नाही हे मला माहीत नव्हतं.

२१ मार्च

बाटलीचा निकाल आला. सरगॉन उंबऱ्यात उभ्यानेच बोलला.

"पाणपोई बंद करायला हवी. पाण्यात तेलाचा अंश आहे."

"वास तर कधीमधीच येतो."

"वासावर जाऊ नका. सर्वांत वाईट जे असतं ते वास मारायच्या आधीच पोटात जातं."

"काय करतं ते?"

त्याने डोक्याला बांधलेला पंचा सोडून पुन्हा बांधला. "रक्त बिघडवतं. वर्षानुवर्षं प्यायलं तर."

मी त्याला सांगितलं की हे पाणी माझं नाही, मुतलकचं आहे. मी बंद केलं तर त्याच्या नावाचं जगात काही उरत नाही. आणि चालू ठेवलं तर? पाजलेल्या पाण्याचं पुण्य त्याला पोचत असेल, तर पाजलेल्या विषाचं काय पोचतं? हे मी सरगॉनला विचारलं नाही. ते त्याच्या धर्माचं काम नव्हे.

रांजण पालथा घातला आहे. संध्याकाळी एक मेंढपाळ कटोरा वाजवत बसला होता. मी दार लावून घेतलं.

२४ मार्च

मुल्ला इद्रीसकडे गेले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "फिद्दा, तेल अपवित्र नाही. विहिरीत उंदीर मेला तर किती बादल्या उपसायच्या, मेंढी मेली तर किती, हे ग्रंथात आहे. तेलाचं कुठे नाही. लिहिणाऱ्यांना हे जमिनीतलं तेल ठाऊकच नव्हतं."

"मग मुतलकला पाप लागतं का?"

"त्याने चांगल्या मनाने खणली. देव मन पाहतो."

"आणि मी जाणून पाजलं तर?"

त्याने ग्रंथ उघडला. हज्जा नौफा तिथेच बसली होती. ती काठी आपटून म्हणाली, "हा पोरगा ग्रंथच चाळत बसणार. माझ्या सासऱ्याच्या विहिरीत गाढवाचं शिंगरू पडलं होतं. तळ दिसेपर्यंत पाणी उपसलं, आणि नवं पाणी आलं ते दुधासारखं. घाण कसलीही असो, उपसली की जाते. यात विचारायचं काय?"

मुल्ला म्हणाला, "उपसायला हरकत नाही. उपसून पाहा."

मला एकदम हलकं वाटलं. आजवर कोणी काही करायलाच सांगितलं नव्हतं. जो तो बंद कर एवढंच म्हणत होता.

११ एप्रिल

गावातल्या बायका तीन दिवस आळीपाळीने दोर ओढत होत्या. तळहात सोलले, पण पाणी एक हातही खाली गेलं नाही. आज सकाळी दह्हाम आपला डिझेलचा पंप गाडीवर घालून आला. मी बोलावलं नव्हतं.

"व्हा बाजूला, वहिनी. हे बायकांचं काम नव्हे."

हज्जा म्हणाली, "अरे, इतके दिवस कुठे होतास? दोर ओढून आमचे खांदे निखळले, आता वरात घेऊन आलास."

दिवसभर पंप चालला. पाणी कांद्याच्या वाफ्यातून वाहत रस्त्यापर्यंत गेलं. आधी त्यावर मोराच्या पिसासारखे रंग तरंगत होते, मग दुपारनंतर नितळ आलं. तळातला दगड दिसला, मुतलकने पहारीने फोडलेला. त्या दगडाचं तोंड मी इतक्या वर्षांनी पाहिलं.

दह्हाम पंपाजवळून हलला नाही. मधेच म्हणाला, "वहिनी, मुतलकने मला चालायला शिकवलं होतं." मी म्हटलं, "ठाऊक आहे." त्याचे डोळे धुराने लाल झाले होते.

नवं पाणी भरलं तेव्हा मी ओंजळीने प्यायले. गोड होतं, वास नव्हता. हज्जा प्यायली. दह्हामला कटोरा दिला, तर तो पंपाचं तोंड पुसत राहिला. म्हणाला, "आधी पाणपोई भरा."

१४ एप्रिल

रांजण भरला. आज सहा-सात जण प्यायले. प्रत्येकाने मुतलकचं नाव घेतलं.

६ मे

सरगॉन परत आला तो सरळ रांजणाकडे. मी हसतच सांगितलं, विहीर उपसून शुद्ध केली म्हणून. त्याने डोक्यावरचा पंचा काढला आणि ओट्यावर बसला.

"किती उपसली?"

"तळापर्यंत. मग पुन्हा भरली की दह्हाम येऊन परत पंप लावतो. चार वेळा झालं."

त्याच्या माणसाने नवी बाटली भरून नेली होती त्याला आठवडा झाला. निकाल त्याच्या खिशात होता. पहिल्यापेक्षा कितीतरी पट वाईट. मला खरं वाटेना. त्याने जमिनीवर बोटाने खळगा केला, पाणी ओतलं, आणि मधून ओंजळ उपसून दाखवली. चहूबाजूंनी पाणी मधल्या खळग्याकडे धावलं.

"विहीर म्हणजे हे. तुम्ही उपसता तेव्हा आजूबाजूचं पाणी हिच्याकडे धावतं. जमिनीखाली तेल दूर कुठेतरी होतं, मुंगीच्या पावलाने येत होतं. तुम्ही त्याला बोलावून घेतलंत, मावशी."

मग म्हणाला की एक गोष्ट त्याला कळत नाही. मैदान रस्त्यापलीकडे, पश्चिमेला, उताराच्या खाली. आणि इथलं पाणी पूर्वेच्या टेकाडाकडून येतं. "वरच्या अंगाला काही आहे का?"

मी म्हटलं, "टेकाडामागे दह्हामची भेंडी आहे फक्त."

त्याने टेकाडाकडे मान वळवली. मग म्हणाला, "कशी आली आहे भेंडी?"

"गेल्या वर्षी पिवळी पडून गेली. यंदा उगवलीच नाही. बी खराब असेल."

त्याने पंचा पुन्हा डोक्याला बांधला. मीही चुलीकडे वळले. भाकरी थापताना माझे हात थांबले.

७ मे

सकाळी टेकाडामागे गेले. भेंडीच्या वाफ्यात काठी खुपसली. वीतभर चांगली माती, तिच्याखाली काठी लोण्यात जावी तशी गेली. बाहेर आली ती काळी.

८ मे

दह्हामला बोलावलं. आज त्याला चहा विचारला नाही.

"कधीपासून आहे तो खड्डा?"

त्याने विचारलं नाही, कुठला खड्डा. "पिंप लावलं तेव्हापासून. गाळ कुठेतरी ओतायलाच लागतो, वहिनी. मैदानात परक्यांची दादागिरी होती."

"विहीर खाली आहे, हे दिसलं नाही?"

"जमीन गिळते असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. मग एक दिवस तुमच्याकडे चहा प्यायलो आणि मला चव लागली. तेलात हात घालणाऱ्याला ती चव बरोबर कळते."

"आणि तू गप्प बसलास."

"मुतलक तेव्हा अंथरुणाला खिळला होता." त्याचा आवाज चढला. "त्याचं औषध कशावर येत होतं? शहरातला डॉक्टर दुआ घेऊन औषध देतो का? त्या पिंपावर येत होतं! पिंप बंद केलं असतं तर तो सहा महिने आधी गेला असता. मग सांगा मला, मी काय करायला हवं होतं?"

  तो रडत होता आणि मी त्याच्याकडे परक्याकडे बघावं तशी बघत होते.

"मला खालून पाणी आणावं लागलं असतं तरी चाललं असतं," मी म्हटलं. "सांगितलं असतंस तर मी त्याला ओढ्याचं पाजलं असतं."

तो उठून गेला. पंप इथेच आहे.

२० मे

सरगॉनला खड्डा दाखवला. दह्हामचं नाव घेतलं नाही. त्यानेही विचारलं नाही. काठी खुपसून पाहिली आणि खाली बसला.

"हे आमच्या कामात बसत नाही, मावशी. आम्हाला मैदानाची माती साफ करायला पाठवलंय. फेब्रुवारीत कोणी हे दाखवलं असतं तर मी भांडून हेही कामात घालून घेतलं असतं. आता माणसं आणि यंत्रं दुसरीकडे निघाली."

"आणि खालचं पाणी?"

"माती वर काढता येते, ढीग घालता येतो, शेण देता येतं. पाणी वर काढून धुवायचं तर वर्षानुवर्षं पंप चालवायला हवेत, ते गाळायला हवं, वीज हवी. तेवढं इथे कोणी देणार नाही."

"मग ते कधी साफ होईल?"

"आपोआप? तुम्ही-मी नसू तेव्हा."

त्याने सांगितलं की पाणी पश्चिमेकडे सरकतंय. रस्ता ओलांडून, मैदानाच्या खालून, उम्म बरजसच्या, म्हणजे बरजसच्या आईच्या, वस्तीकडे. सावकाश. पण तिकडे कोणी उपसायला लागलं की त्याला घाई होईल.

मग मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. मुतलकचं रक्त बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तात पांढरं वाढलंय. या पाण्यानेच का?

"ते आता कोणीच सांगू शकणार नाही, मावशी."

"तू काय म्हणतोस?"

"तुम्हीही तेच पाणी प्यायलात," तो म्हणाला.

हो. मी प्यायले. तो जास्त प्यायचा. उन्हात काम करायचा ना. विहिरीवरून आला की उभ्याने अख्खा तांब्या संपवायचा आणि म्हणायचा, माझ्या हातचं पाणी आहे, फुकट घालवू नये.

२ जून

विहीर बुजवली. आधी खडी, मग माती, वर सिमेंटचा थर. सिमेंट कालवायला पाणी लागलं, ते विहिरीतलंच घेतलं. मुल्ला इद्रीस आला होता. त्याने मृतासाठी म्हणतात ती प्रार्थना म्हटली. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. पण मला दुसरी कुठलीही ऐकायची नव्हती. दह्हाम आला नाही.

हज्जा नौफा ओट्यावर बसून होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "मी सांगितलं नसतं उपसायला तर?"

"आधीही वाईटच होतं, हज्जा."

"पण इतकं नव्हतं."

"नाही. इतकं नव्हतं."

तिला खोटं सांगायला हवं होतं. तिचं वय झालंय. माझ्याच्याने झालं नाही.

१८ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. टँकर एक दिवसाआड येतो, पिंपभर मिळतं. त्यातून पाणपोईच्या रांजणाला काही उरत नाही. मैदानातली माती परत पसरली, त्यावर हिरवं उगवलं आहे. बाहेरचे लोक फोटो काढायला आले होते. त्यांनी मला त्या हिरव्यात उभं राहायला सांगितलं. मी राहिले.

३ सप्टेंबर

उम्म बरजस आली होती, पश्चिमेकडच्या वस्तीतली. तिचा एकुलता मुलगा बरजस या वसंतात वाळवंटात वाळूखालची अळंबी शोधताना सुरुंगावर पाय पडून गेला. लग्न ठरलं होतं. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. तिला माझ्याशी आणि मला तिच्याशी बोलायची गरज पडत नाही.

मग म्हणाली, "बरजसच्या नावाने विहीर खणतेय. तुझ्यासारखी पाणपोई घालणार. तुझी कप्पी आणि दोर पडून आहे ना? दे मला."

मी तिला सगळं सांगितलं. जमिनीखालून काय येतंय, कुठे येतंय, उपसलं की कसं धावतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमचं पाणी तपासलं कोणी?"

"नाही. आज चांगलंही असेल."

"मग?"

"पुढे नसेल. जितके लोक पितील तितकं लवकर ते येईल."

ती उठली. "तुझ्या नवऱ्याचं नाव बुडालं, म्हणून माझ्या लेकाचंही बुडवायचं?"

"तसं नाही गं."

"राहू दे तुझी कप्पी. झाकून ठेव. म्हातारपणी पुरेल."

माझ्या पदरात तिने आणलेले खजूर तसेच होते. परत द्यायला मी दारापर्यंत गेले, पण ती वळली नाही.

१९ सप्टेंबर

पश्चिमेकडून खणण्याचा आवाज येतो. भाड्याने यंत्र आणलं आहे म्हणतात. मुल्ला इद्रीसला म्हटलं, तू जाऊन सांग. तो म्हणाला, "मुलगा गेलेल्या आईला मी पाणी पाजू नको म्हणून सांगू? आणि तेही एकदा उपसायला सांगून बसल्यावर? माझं कोण ऐकेल, फिद्दा?"

सरगॉनला निरोप पाठवायचा तर त्याचा पत्ता कुणाकडे नाही.

४ ऑक्टोबर

काल पाणी लागलं. आज उम्म बरजसने आसपासच्या सगळ्यांना बोलावलं. मलाही माणूस पाठवला. मला वाटलं नव्हतं पाठवेल. मी ठरवून गेले की सर्वांसमोर बोलायचं. हज्जा म्हणाली, "बोल. तुझं तोंड आहे, तूच बोल. मी आता कुणाला काही सांगत नाही."

बरंच माणूस होतं. मेंढी कापली होती. विहिरीजवळ नवा रांजण, ओला, लाल. दह्हामही एका कडेला उभा होता, कोणाशी न बोलता. उम्म बरजस काळ्या कपड्यात होती, पण तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मुलगा गेल्यापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं. तिने पहिला कटोरा भरला आणि सगळ्यांना ओलांडून माझ्याकडे आली.

"माझं त्या दिवशी चुकलं," ती म्हणाली. "तू नवऱ्यासाठी केलंस ते पाहूनच मला सुचलं. पहिला घोट तुझा."

कटोऱ्यात पाणी नितळ होतं. मी वास घेतला. काही नव्हतं. वासावर जायचं नसतं हे मला माहीत होतं. दह्हाम माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.  मी बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या ओठांची हालचाल मला दिसली. प्यायल्यावर माझ्या तोंडून जी दुआ यायची, तीच ती आधीपासून पुटपुटत होती.

मी प्यायले. पाणी गार होतं, गोड होतं. तोंड पुसलं आणि म्हणाले, "अल्ला बरजसवर दया करो."

ती रडली. बायकांनी तिला धरलं. कटोरा माझ्या हातातून कोणीतरी घेतला, पुन्हा भरला, आणि तो पुढच्या हातात गेला.